थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम: सर्जन कसा शोधायचा आणि ऑपरेशननंतर सावरायचं कसं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. फळ्यावर लिहिताना उजवा हात जड व्हायचा, करंगळीला आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या यायच्या, तास संपत आला की खडू बोटांतून निसटायचा. मानेचा पट्टा, गोळ्या, शेक आणि ‘स्पॉन्डिलायटिस आहे, चालायचंच’ यात चार वर्षं गेली. शेवटी उजव्या बाजूची मानेतली जादा बरगडी आणि पहिली बरगडी काढण्याचं ऑपरेशन झालं. त्याला आता अडीच वर्षं झाली. तेव्हापासून कुणाच्या तरी ओळखीतून फोन येतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. मी डॉक्टर नाही. डॉक्टरांनी समजावलेलं, मी वाचून त्यांच्याकडून तपासून घेतलेलं आणि स्वतः सोसलेलं एवढंच इथे आहे.

‘नस दबली आहे’ असं सांगितलं. म्हणजे नक्की काय दबलंय?

हा प्रश्न सगळ्यात आधी विचारा, कारण पुढचं सगळं यावर ठरतं. आपण मज्जातंतूलाही नस म्हणतो आणि रक्तवाहिनीलाही. हाताकडे जाणारी मज्जातंतूंची जुडी, हाताला रक्त नेणारी धमनी आणि हातातलं रक्त परत आणणारी शीर, या तिन्ही गोष्टी मान आणि काख यांच्यामधल्या चिंचोळ्या वाटेनं जातात. खाली पहिली बरगडी, वर गळ्याजवळचं आडवं हाड म्हणजे हासळी, आणि मध्ये मानेचे स्केलीन नावाचे स्नायू. थोडं पुढे, छातीच्या वरच्या भागात, पेक्टोरॅलिस मायनर या लहान स्नायूखालीही अशीच अडचणीची जागा आहे. या वाटेत कुठेही दाटी झाली की त्रास सुरू होतो. थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम हे नाव १९५६ साली अमेरिकेतल्या पीट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिलं. त्रास मात्र जुनाच. मानेतली जादा बरगडी काढण्याचं ऑपरेशन लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू हॉस्पिटलात होम्स कूट यांनी १८६१ सालीच केलं होतं.

नाव एक असलं तरी आजार तीन आहेत. दहांतल्या नऊंहून अधिक रुग्णांत मज्जातंतू दबतात: मान, खांदा, हाताची आतली बाजू दुखते, मुंग्या येतात, हात वर धरला की जड होतो, पकड सैल पडते. शीर दबली तर हात सुजतो आणि निळसर पडतो. धमनी दबण्याचा प्रकार सगळ्यात दुर्मिळ आणि सगळ्यात धोक्याचा. त्यात बोटं गार आणि पांढरी पडतात. तुमच्या कागदावर तिन्हींपैकी काय लिहिलंय ते बघा. तिथे नुसतं ‘टीओएस’ (थोरॅसिक आउटलेट सिंड्रोमचं इंग्रजी लघुरूप) असेल तर सर्जन शोधायची वेळ अजून आलेली नाही, आधी निदान पुरं करून घ्या.

यात घाई कशाची असते?

मज्जातंतूच्या प्रकारात बहुतेक वेळा विचार करायला वेळ असतो. बाकी दोन्हींत नसतो.

हात अचानक सुजला, निळा-जांभळा झाला, खांद्यावर आणि छातीवर शिरा उठून दिसायला लागल्या, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठून डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, करून घ्या. शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. जिममध्ये वजन उचलणारी, पोहणारी, बॉलिंग टाकणारी तरुण मुलं यात जास्त सापडतात. पॅजेट यांनी १८७५ साली आणि फॉन श्रॉटर यांनी १८८४ साली हा प्रकार वर्णन केला, म्हणून त्याला दोघांचं नाव आहे. शिरेत नळी घालून गुठळी विरघळवण्याचा उपाय पहिल्या दोन आठवड्यांत जितका चांगला लागू पडतो तितका नंतर पडत नाही. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: बरगडी जागेवरच असताना कुणी त्या शिरेत स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी जाळीची नळी, घालायचं म्हणत असेल, तर थांबा आणि दुसरं मत घ्या. बरगडी आणि हासळी यांच्या चिमटीत तो स्टेंट चेपतो, तुटतोसुद्धा.

धमनीच्या प्रकाराबद्दल मला जे. आर. रिचर्ड यांची गोष्ट सांगावीशी वाटते. ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोज संघाचे हे बेसबॉलपटू, चेंडू फेकणारे, सहा फूट आठ इंच उंच. १९८० च्या मोसमात ते म्हणत होते, हात मेल्यासारखा होतो. वर्तमानपत्रांत आणि चाहत्यांत त्यांना आळशी ठरवलं गेलं. ३० जुलै १९८० रोजी सराव करताना ते कोसळले, पक्षाघाताचा झटका आला. हाताची धमनी दबून तयार झालेल्या गुठळीनं हे झालं होतं. त्यानंतर ते वरच्या दर्जाच्या संघात कधीच खेळले नाहीत. बोटांची टोकं काळी पडत असतील, नखाखाली काळे ठिपके येत असतील, एका हाताची नाडी लागत नसेल, तर ‘थंडीनं होत असेल’ म्हणत घरी बसू नका.

एमआरआय आणि एनसीव्ही दोन्ही नॉर्मल आहेत. मग मला काहीच झालेलं नाही का?

असं कुणी म्हणालं तर ते मनाला लावून घेऊ नका. मज्जातंतूच्या प्रकारात एनसीव्ही (मज्जातंतूंतून संदेश किती वेगानं जातो याची तपासणी) आणि ईएमजी (स्नायूंमधल्या विजेच्या संदेशांची तपासणी) पुष्कळदा नॉर्मलच येतात, कारण मज्जातंतू सतत नाही तर हात विशिष्ट स्थितीत असतानाच दबतात. मानेचा एमआरआय करायचा तो मुख्यतः मणक्यांमधली चकती सरकलेली नाही ना हे बघायला. मनगटात किंवा कोपरात मज्जातंतू दबल्यानंही अशाच मुंग्या येतात, त्यामुळे तेही वगळावं लागतं.

साधा मानेचा एक्स-रे मात्र नीट बघायला सांगा. मानेच्या सातव्या मणक्यापासून निघालेली जादा बरगडी शंभरात जेमतेम एखाद्याला असते आणि त्यातल्याही बहुतेकांना तिचा त्रास होत नाही. पण त्रास असताना ती दिसली तर मोठा धागा मिळतो. माझी ती दिसलीच नव्हती असं नाही, कुणी पाहिली नव्हती. जुना एक्स-रे तीन वर्षं आमच्या कपाटात रेशनकार्डाच्या फायलीत होता. ज्या डॉक्टरांनी निदान केलं त्यांनी तो खिडकीच्या उजेडात धरला, पेनानं मानेच्या मुळाशी एक टोकदार सावली दाखवली आणि म्हणाले, “ही बघा. डावीकडे आहे का अशी?” डावीकडे नव्हती.

मग त्यांनी दोन्ही हात खांद्याच्या रेषेत वर, कोपरं काटकोनात धरायला लावून मुठी उघडझाप करायला सांगितल्या. ही चाचणी ३ मिनिटांची असते. माझा उजवा हात एका मिनिटातच खाली आला. हात वर केल्यावर मनगटाची नाडी गायब होते का हेही बघतात, पण धडधाकट माणसांतही ती गायब होऊ शकते, त्यामुळे तेवढ्यावर निदान होत नाही. शंका राहिली तर सोनोग्राफीत बघत मानेच्या स्केलीन स्नायूत भुलीचं इंजेक्शन देतात. त्यानं काही तास हात हलका झाला तर निदानाला बळ मिळतं आणि ऑपरेशनचा उपयोग होईल का याचाही अंदाज येतो. मला ते दिलं, आणि त्या संध्याकाळी मी कित्येक महिन्यांनी स्वतःची वेणी स्वतः घातली. रात्री पुन्हा सगळं पहिल्यासारखं झालं, पण माझं दुखणं खरं आहे हे घरात सगळ्यांना पटलं.

ऑपरेशन करावंच लागतं का?

मज्जातंतूच्या प्रकारात आधी फिजिओथेरपी, तीही हा आजार माहीत असलेल्या माणसाकडून, निदान तीन महिने नेमानं. पुष्कळ जण तेवढ्यानं कामापुरते बरे होतात. यातला व्यायाम म्हणजे डंबेल्स नव्हेत. श्वास पोटानं घ्यायला शिकणं, खांदे पुढे पडलेले मागे आणणं, आखडलेले स्नायू हळूहळू सैल करणं, मज्जातंतू अलगद सरकवणं असा तो असतो. मला आधी एके ठिकाणी मानेला ट्रॅक्शन, म्हणजे ताण, दिलं होतं आणि त्यानं त्रास दुप्पट झाला. व्यायामानंतर मुंग्या वाढून दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकत असतील तर तसं सांगा, सोसत राहू नका.

तळहाताचे, विशेषतः अंगठ्याच्या मुळाशी असलेले स्नायू झिजायला लागले असतील तर थांबण्यात अर्थ नाही. झिजलेला स्नायू नंतर पूर्ण भरून येईलच असं नसतं. शीर आणि धमनी दबल्यावर तर बहुधा ऑपरेशनकडेच जावं लागतं.

कोणत्या डॉक्टरकडे जायचं? हाडांचे, मेंदूचे, की हृदयाचे?

इथेच लोक सगळ्यात जास्त हेलपाटे घालतात, मीही घातले. हा आजार कोणत्याच एका खात्यात बसत नाही. रक्तवाहिन्यांचे सर्जन, छातीचे सर्जन, आणि ब्रेकियल प्लेक्सस म्हणजे त्या मज्जातंतूंच्या जुडीवर काम करणारे प्लास्टिक, हाताचे किंवा मेंदूचे सर्जन, हे सगळे हे ऑपरेशन करतात. शीर किंवा धमनीचा प्रश्न असेल तर व्हॅस्क्युलर सर्जनच हवेत. त्यांची पदवी एमसीएच किंवा डीआरएनबी, व्हॅस्क्युलर सर्जरी अशी असते. मज्जातंतूचा प्रश्न असेल तर पाटीवर काय लिहिलंय यापेक्षा ते हे ऑपरेशन किती वेळा करतात हे महत्त्वाचं. फार मोठं नाव असलेला सर्जन हे ऑपरेशन चार वर्षांत एकदा करत असेल, तर मी त्याच्याकडे जाणार नाही.

असा माणूस शोधायचा कुठे?

मी चार दारं ठोठावली. पहिलं, एनसीव्ही करणारे न्यूरोलॉजिस्ट: रुग्ण कुणाकडे पाठवला आणि परत कसा आला हे त्यांना माहीत असतं. दुसरं, हाताच्या दुखापतींवर काम करणारे फिजिओथेरपिस्ट. ऑपरेशननंतरचे महिने रुग्ण त्यांच्याकडेच काढतात, त्यामुळे कुणाचे रुग्ण लवकर सावरतात हे ते बरोबर सांगतात. माझ्या सर्जनचं नाव मला फिजिओनंच दिलं. तिसरं, मोठ्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची ओपीडी. रांग मोठी असते, पण एकाच आवारात व्हॅस्क्युलर, न्यूरो, प्लास्टिक अशा विभागांची मतं मिळू शकतात. चौथं दार म्हणजे ऑपरेशन झालेले रुग्ण. फक्त आनंदी रुग्णाशीच बोलू नका, ज्याला अर्धाच फरक पडला त्याच्याशीही बोला.

सांगली-कोल्हापूरकडची माणसं सवयीनं मिरजेला जातात, आमच्या साताऱ्याची पुण्याला. निदानासाठी ते ठीक आहे. पण जवळपास सरावाचा सर्जन नसेल तर एकदा लांबचा प्रवास करणं परवडतं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेचा स्वतंत्र विभाग आहे. कोइंबतूरचं गंगा हॉस्पिटल हात आणि ब्रेकियल प्लेक्ससच्या कामासाठी देशभर ओळखलं जातं. मुलं अमेरिकेत असलेले आईवडीलही मला विचारतात. तिथे या एकाच आजाराची केंद्रं आहेत, सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातलं त्यांपैकी एक.

डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या यादीत नावावरून बघता येते. पाच मिनिटांचं काम आहे, करून टाका. इंटरनेटवरच्या चांदण्या बघून सर्जन ठरवू नका. त्या बहुधा पार्किंग आणि रिसेप्शनला दिलेल्या असतात.

सर्जनना काय विचारू? त्यांना राग येणार नाही ना?

ज्यांना राग येतो त्यांच्याकडून मान उघडून घ्यायची नाही, असं मी ठरवलं होतं. प्रश्न वहीत लिहून न्या आणि उत्तरं तिथेच लिहून घ्या. गेल्या वर्षभरात अशी किती ऑपरेशनं केलीत? माझा तिन्हींपैकी कोणता प्रकार, आणि तसं कशावरून म्हणता? चीर कुठून देणार आणि तिथूनच का? बरगडी पूर्ण काढणार की तुकडा? स्केलीन स्नायू काढणार का? पेक्टोरॅलिस मायनरकडे दाटी आहे का, तपासलंय का? टेबलाशी स्वतः उभे राहणार ना? तुमच्या रुग्णांत कोणत्या गुंतागुंती झाल्या आणि त्यांचं पुढे काय झालं? फिजिओ कोण करणार? आणि शेवटचा: ऑपरेशन करूनही फरक पडला नाही तर पुढे काय?

मी दोघांना भेटले. पहिले म्हणाले, “काही नाही हो बाई, दोन दिवसांत घरी, आठवड्यात शाळेत.” दुसऱ्यांनी केस पेपर उलटा केला, त्यावर हासळी काढली, खाली बरगडी, मधून तीन रेघा. मग माझंच बोट हासळीच्या वरच्या खळग्यात दाबायला लावलं. करंगळीपर्यंत कळ गेली. म्हणाले, “इथे काम करायचंय. हाताचा जडपणा जाईल असं मला वाटतं. मुंग्या पूर्ण जातील असं वचन देत नाही. आणि सहा महिने तुम्ही मला शिव्या द्याल.” मी त्याच दिवशी तारीख घेतली. माझे मिस्टर पहिल्यांच्या बाजूचे होते, कारण त्यांनी धीर दिला होता. पण मला धीरापेक्षा खरं ऐकायचं होतं.

ऑपरेशनमध्ये नेमकं काय करतात?

वाट मोकळी करतात. पहिली बरगडी, असल्यास जादा बरगडी आणि दाटी करणारे स्नायू काढतात, मज्जातंतूंभोवतीचे चिकटलेले पदर सोडवतात. काखेतून जायची पद्धत डेन्व्हरच्या डेव्हिड रूस यांनी १९६६ साली मांडली. तिचा व्रण झाकला जातो. हासळीच्या वरून गेल्यावर मज्जातंतू आणि जादा बरगडी थेट डोळ्यांसमोर येतात, माझं तसंच झालं. शीर दबली असेल तर हासळीच्या खालूनही चीर लागते. काही ठिकाणी दुर्बिणीनं किंवा रोबोटच्या मदतीनंही करतात. एकच पद्धत सगळ्यांना चांगली असं नाही. ज्या सर्जनचा ज्या वाटेवर हात बसलाय ती त्यांना करू द्यावी. बरगडी गेल्यानं छाती खचत नाही की श्वास कमी पडत नाही. ही बरगडी आखूड, चपटी असते आणि बाकीच्या आपलं काम करत राहतात.

धोके कोणते?

जागा लहान आणि शेजार मोठा, म्हणून धोके आहेत आणि ते ऐकून घ्यायलाच हवेत. फुप्फुसाच्या पडद्याला छिद्र पडून छातीत हवा शिरू शकते. त्यासाठी कधी छातीत नळी ठेवतात. स्केलीन स्नायूवरूनच श्वासपटलाचा, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या श्वासाच्या स्नायूचा, मज्जातंतू जातो. तो ओढला गेला तर त्या बाजूचं श्वासपटल काही महिने सुस्त पडतं आणि जिना चढताना दम लागतो. दुसरा एक मज्जातंतू दुखावला तर खांद्यामागचं हाड, खवाटा, पंखासारखं बाहेर येतं. डाव्या बाजूला लसिकेची (लिम्फची) मोठी वाहिनी असते. ती फुटली तर ड्रेनमध्ये, म्हणजे जखमेतला द्राव बाहेर काढणाऱ्या नळीत, दुधासारखा द्राव येतो. रक्तस्राव, आणि हाताच्याच मज्जातंतूंना इजा हे सगळ्यात गंभीर. ते क्वचित होतं, पण सरावाचा सर्जन हवा हा हट्ट मी त्याच्यासाठीच धरते. कातडीचा बधिरपणा मात्र पुष्कळांना राहतो, काखेतून केलं तर दंडाच्या आतल्या बाजूला, वरून केलं तर हासळीखाली. माझ्या हासळीखाली तळहाताएवढी जागा अजून बधिर आहे. मंगळसूत्र तिथे टेकतं ते कळत नाही.

आधी घरात काय तयारी करू?

रोजच्या वापरातली भांडी, डबे, गॅसचा लायटर, देवाची उपकरणी, सगळं कमरेच्या उंचीवर आणून ठेवा. पुढून उघडणारे गाऊन किंवा शर्ट आठ-दहा दिवसांचे काढा. डोक्यावरून घालायचे कुडते विसरा. दोन आठवडे आधीपासून दुसऱ्या हातानं दात घासायचा, जेवायचा सराव करा. तंबाखू, मिश्री, सिगारेट आधीच बंद करा, भूलतज्ज्ञ ते विचारणारच. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि मधुमेह असेल तर न लपवता सांगा. पुरुषमंडळींना एक विनंती: बायकोचं ऑपरेशन असेल तर भाकरी-पोळीची सोय सहा आठवड्यांची करा, पंधरा दिवसांची नव्हे. माझ्या जाऊबाईंनी महिनाभर स्वयंपाक सांभाळला आणि पुढे पोळ्यांना बाई लावली. नाहीतर मी नक्कीच लवकर लाटायला बसले असते आणि पस्तावले असते.

पहिले काही दिवस कसे जातात?

भुलीतून जाग आल्यावर घशाची कोरड आणि खांद्यामागे खोल दुखणं. ड्रेनची नळी माझी दुसऱ्या दिवशी निघाली, तिसऱ्या दिवशी घरी आले. दुसऱ्याच दिवशी फिजिओताईंनी उठवून बसवलं, मान हळूच वळवायला आणि हात थोडा वर न्यायला लावला, कारण मज्जातंतू हलते राहिले नाहीत तर व्रण त्यांना चिकटतो. तीन चेंडूंच्या यंत्रानं श्वास ओढण्याचा व्यायाम कंटाळा न करता करा. झोळी दिली तरी ती आरामापुरती, दिवसभर अडकवून ठेवायची नाही. झोपताना काखेखाली उशी घेऊन हाताला आधार दिला की बरं वाटतं.

आणि हे आधी कुणीतरी सांगायला हवं: दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दुखणं वाढू शकतं. इतके दिवस दबलेला मज्जातंतू मोकळा झाल्यावर चिडतो. हातातून वीज गेल्यासारखं होतं, कधी जळजळतं. मला वाटलं ऑपरेशन वाया गेलं. रात्री दोन वाजता मी न्हाणीघरात जाऊन रडले, म्हणजे घरात कुणाला कळू नये. दुसऱ्या दिवशी फोन केल्यावर डॉक्टरांनी मज्जातंतूच्या दुखण्याची गोळी बदलली आणि हळूहळू ते ओसरलं.

घरी आल्यावर कशाची वाट न बघता हॉस्पिटलात जायचं?

दम लागणं किंवा छातीत दुखणं. जखमेजवळ झपाट्यानं वाढणारी सूज. हात निळा आणि सुजलेला, किंवा गार आणि पांढरा. ताप, जखमेतून पू किंवा दुधाळ पाणी. हातातली ताकद अचानक जाणं. पोटरी सुजून दुखणं. यातलं काहीही असेल तर फिजिओच्या अपॉइंटमेंटपर्यंत थांबू नका.

कोणतं काम कधीपासून?

तुमच्या सर्जनचं वेळापत्रक हेच खरं, माझं केवळ अंदाजासाठी. पहिले सहा आठवडे मला पाण्यानं भरलेल्या तांब्याहून जड काही उचलू दिलं नाही. मोबाइल, पुस्तक, जेवण पहिल्या आठवड्यापासून. खुर्चीवरचं काम लोक साधारण तीन ते सहा आठवड्यांत सुरू करतात. मी सातव्या आठवड्यात शाळेत गेले, पहिले पंधरा दिवस फक्त बसून शिकवलं. स्कूटर दोन महिन्यांनी: मान पटकन वळवता येत नाही आणि ब्रेक घट्ट दाबता येत नाही तोवर रस्त्यावर जाऊ नये. पोळ्या लाटणं सुरुवातीला दोन, मग चार. बादली, गॅस सिलिंडर, दोरीवर ओले कपडे टाकणं हे तीन महिन्यांनंतर. खांद्याला पर्स अडकवणं मी कायमचं सोडलं, आता कमरेला बांधते.

चार महिने झाले, मुंग्या अजून आहेत. ऑपरेशन फसलं का?

एवढ्यात असं म्हणता येणार नाही. इजा झालेला मज्जातंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. मानेपासून करंगळीच्या टोकापर्यंतचं अंतर एकदा टेपनं मोजून बघा, म्हणजे इतका वेळ का लागतो ते कळेल. माझा जडपणा दोन महिन्यांत गेला, रात्रीचं दुखणं पाच महिन्यांत. मुंग्या वर्षभरानंतर क्वचितवर आल्या. रोज ‘आज कसं आहे’ असं स्वतःला विचारत बसू नका. महिन्यातून एकदा तीच तीन कामं करून बघा आणि वहीत लिहा. मी वेणी घालणं, बरणीचं झाकण उघडणं आणि एक पान लिहिणं धरलं होतं.

बरं वाटून पुन्हा त्रास सुरू झाला तर मात्र दाखवा. व्रण चिकटलेला असू शकतो, बरगडीचा मागचा तुकडा राहिलेला असू शकतो, किंवा पेक्टोरॅलिस मायनरखालची दाटी आधी कुणी पाहिलेली नसते.

दोन्ही बाजूंना त्रास आहे. एकदमच करून घेऊ का?

नाही. दोन्हीकडच्या श्वासपटलाचे मज्जातंतू एकाच वेळी दुखावले तर श्वासाचाच प्रश्न येतो. एक बाजू पूर्ण सावरू द्या. दुसरीच्या आधी श्वासपटल नीट हलतंय का हे तपासून घ्या.

खर्च आणि विमा?

अंदाजपत्रक लेखी घ्या, आयसीयूचा दिवस आणि फिजिओ त्यात धरलाय का ते विचारा. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. तुमचं ऑपरेशन कोणत्या नावाखाली बसतं हे योजनेतल्या हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधी विचारा. खासगी विमा असेल तर आधीपासूनच्या आजारासाठी थांबण्याची मुदत २०२४ च्या नियमांनुसार जास्तीत जास्त ३६ महिने आहे. कागदावर ‘मानदुखी’ नको, पूर्ण निदान, तपासण्यांची नावं आणि आधी केलेल्या फिजिओथेरपीच्या तारखा हव्यात. माझी मंजुरी फिजिओच्या पावत्या नसल्यामुळे एकदा परत आली होती.

घरचे म्हणतात, मनाचे खेळ आहेत.

त्यांना डॉक्टरांसमोर बसवा. सासूबाई मला ‘जरा काम करवत नाही’ म्हणायच्या. त्या एकदा सोबत आल्या, माझा हात मिनिटभरात खाली येताना त्यांनी पाहिला, आणि परतीच्या एसटीत माझी पिशवी स्वतःच्या मांडीवर घेऊन बसल्या. त्यानंतर तो विषय निघाला नाही.

आता फळ्यावर लिहिता येतं का?

येतं. खांद्याच्या उंचीपर्यंत, एका वेळी पाच-सहा ओळी, मग हात खाली घेते. वरच्या कोपऱ्यातली तारीख आणि सुविचार आठवीतली एक उंच मुलगी लिहिते. ‘ळ’ जरा वाकडा येतो तिचा, पण मी दुरुस्त करत नाही.